कळ्या दिसताच पाणी तोडा? ऑलिव्हबद्दलचा हा सल्ला पीक घालवतो

"ऑलिव्ह हे वाळवंटाचं झाड. जितकं ऊन जास्त, तितकी फळं जास्त. थंडीची गरज नाही. कळ्या दिसल्या की पाणी तोडा, ताणावर फुलोरा भरून येतो. मधमाश्यांच्या पेट्या ठेवा, मग जात एकच असली तरी चालते. फळं गळू लागली तर एनएए फवारा."

हा मजकूर मेसेजमधून बरेच दिवस फिरतोय. मी सोडून देत होतो. पण परवा मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, ड्रिप बंद केलंय, कळ्या दिसायला लागल्यात ना!" तेव्हा मात्र राहवेना. त्याला फोनवर सांगायचं ते सांगितलं. ज्यांना असा फोन करणारं कोणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी पाण्याचं, कारण नुकसान तिथे होतं. ताण देऊन बहार धरणं हे तंत्र लिंबूवर्गीय झाडांचं आणि डाळिंबाचं. तिथे पाणी तोडलं की वाढ थांबते, पाणी सोडलं की फुटीबरोबर फुलं येतात. ऑलिव्हचं गणित वेगळं आहे. त्याचा फुलोरा गेल्या वर्षीच्या काडीवर, पानांच्या बेचक्यात येतो, आणि कोणत्या डोळ्यातून फूल निघणार याचा कल आदल्या उन्हाळ्यातच ठरू लागतो. हिवाळा सरताना डोळे फुगतात. तिथून फुलं उमलेपर्यंत सुमारे दोन महिने आत फुलाचे अवयव घडत असतात. मेसेज पाणी तोडायला सांगतो ते नेमकं याच काळात.

मग काय होतं ते एक तुरा तोडून भिंगाखाली बघा. एका तुऱ्यात दहा ते तीसेक फुलं, प्रत्येकाला चार पांढुरक्या पाकळ्या आणि दोन पुंकेसर. काही फुलांत मधोमध हिरवा, गोलसर अंडाशय दिसेल आणि त्यावर कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक. ती परिपूर्ण फुलं. काहींत त्या जागी नुसता बारीक, सुकलेला ठिपका असतो. ती फुलं नर म्हणूनच उरतात, त्यांना फळ धरणं शक्यच नाही. नर फुलं थोडीफार प्रत्येक झाडावर असतात, पण ती किती होणार हे बऱ्याच अंशी कळ्या घडतानाच्या पाण्यावर आणि नत्रावर ठरतं. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या संशोधकांनी २०१२ साली वेगवेगळ्या टप्प्यांवर पाणी तोडून हेच तपासलं. फुलोरा घडताना ताण दिला तेव्हा फुलोरे कमी आले, फुलं कमी आली, परिपूर्ण फुलांचं प्रमाण घटलं आणि बीजांडंही नीट वाढली नाहीत. ऐन फुलात ताण दिला तेव्हा फळधारणेला फटका बसला. यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणतं हवं?

नुकसान लगेच दिसत नाही, हे त्यातलं सर्वांत वाईट. लांबून झाड पांढरं दिसतं, माणूस खूश होतो, फोटो काढून तोच मेसेज पुढे पाठवतो. महिन्याभराने काड्या रिकाम्या दिसतात आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ऑलिव्ह कमी पाण्यात जगतं. ट्युनिशियातल्या स्फॅक्सच्या परिसरात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पावसावर जुन्या बागा उभ्या आहेत. पण तिथे दोन झाडांत २४ मीटर अंतर असतं, म्हणजे हेक्टरी १७ झाडं. एवढ्या जमिनीतली ओल एकेका झाडाला मिळते. हेक्टरी शेकड्यांनी झाडं लावायची आणि उदाहरण स्फॅक्सचं द्यायचं, हे चालणार नाही. पाणी कमी करायचंच असेल तर भर उन्हाळ्यात, कोय टणक होत असताना करा. तो टप्पा झाड बऱ्यापैकी सोसतं. जगणं आणि फळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी मेसेज लिहिणाऱ्याने समजून घ्यायला हवं होतं.

"थंडीची गरज नाही" हे तर साफ खोटं. कॅलिफोर्नियात हडसन हार्टमन यांनी १९५० च्या दशकातच दाखवलं की हिवाळाभर उबदार काचगृहात ठेवलेलं ऑलिव्ह पानांनी भरतं, पण फुलत नाही. थंड रात्री आणि सौम्य दिवस यांची आलटापालट त्याला हवी असते. आर्बेकिना, कोरोनेइकी यांसारख्या जातींचं कमी थंडीत भागतं, म्हणून उष्ण भागात त्या लावतात. कमी म्हणजे शून्य नव्हे.

ऊन वाढलं की फळं वाढतात, हेही उलटं. परागनलिका, म्हणजे कुक्षीवर पडलेल्या परागातून बीजांडापर्यंत जाणारी नळी, वाढायला २५ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. तिशीपलीकडे तिची वाढ अडखळू लागते, आणि स्वतःचाच पराग असेल तर जास्तच. त्यात गरम, कोरडा वारा सुटला की कुक्षी सुकते. म्हणून उष्ण भागात फुलं एकाच वेळी उमलणारी, एकमेकींना जुळणारी दुसरी जात बागेत हवीच. मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर बिघडत काही नाही, पण ऑलिव्हचा पराग मुख्यतः वाऱ्याने जातो. पेट्यांवरचा खर्च दुसऱ्या जातीच्या रोपांवर करा.

राहिला एनएए, म्हणजे फवारायचं एक वाढ-संप्रेरक. काही फळझाडांत तो फळगळ रोखायला वापरतात, तिथूनच हे उचललेलं दिसतं. ऑलिव्हमध्ये मात्र एनएए फवारतात तो फळं पाडण्यासाठी! बहराच्या वर्षी ओझं फार झालं तर पूर्ण फुलोऱ्यानंतर साधारण १२ ते १८ दिवसांनी तो मारून विरळणी करतात, म्हणजे उरलेली फळं पोसतात आणि पुढचं वर्ष रिकामं जात नाही. शोभेच्या ऑलिव्हला फळंच नकोत म्हणून ऐन फुलात फवारणारेही आहेत. गळ थांबवायला म्हणून हेच औषध मारलं तर जी टिकणार होती तीही जातील.

आणि गळ बघून इतकं घाबरायचं कारणच नाही. मोठ्या झाडाला पाच लाखांच्या घरात फुलं येतात, त्यातली एक-दोन टक्के टिकली तरी भरघोस पीक मिळतं. फुलोऱ्यानंतर पाच-सहा आठवडे गळ चालूच राहते. तेवढे दिवस पाणी नियमित द्या, फवारणीचा पंप बाहेर काढू नका, आणि पीक किती आलं याचा अंदाज त्यानंतरच बांधा.