चर्चच्या व्हरांड्याला चॅनल गेट

आज उपासना संपली, आशीर्वाद झाला आणि सूचना सुरू झाल्या. महिला मंडळाची सहल, पुढच्या रविवारी प्रभुभोजन, हॉलच्या रंगकामासाठी दानार्पण, आणि पावसाच्या आत व्हरांड्याला चॅनल गेट बसवायचं ठरलंय, मदत द्यायची असेल त्यांनी खजिनदारांना भेटावं. सगळं एका दमात वाचलं. कुणी मान वर केली नाही. मग सगळे चहाला.

व्हरांड्यात रात्री कोण झोपतं ते आपल्या सगळ्यांना माहितेय. सिग्नलला फुगे विकणारं कुटुंब, एक म्हातारे बाबा, पावसात आणखी दोन-चार जण. उजाडायच्या आत गाशा गुंडाळून जातात. चहा घेताना कमिटीतले एक काका म्हणाले, "चर्च म्हणजे काय धर्मशाळा आहे का?" मी म्हटलं, काका, मरियेला उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून आपण दर नाताळला पोरांचं नाटक बसवतो, आणि त्यात "जागा नाही" म्हणणाऱ्याचं काम गेल्या वर्षी तुमच्याच नातवाने केलं होतं. काकांना राग आला. येऊ दे.

आता माझ्या घरचं ऐका. काहींनी आधी ऐकलंय, पुन्हा ऐका. १९७२ च्या दुष्काळात आजोबा, आजी आणि तीन पोरं नगर जिल्ह्यातून पुण्याला आली. विहीर आटलेली, बैल विकलेले. याच चर्चच्या मागे मोडके बाक ठेवायची एक खोली होती. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी कुलूप काढून दिलं. आजीने तिथेच तीन दगडांची चूल मांडली. धुराने भिंत काळी झाली, तेव्हाही कुणीतरी तक्रार केलीच होती. पाळकसाहेबांनी चुना आणून दिला आणि आजोबांना म्हणाले, नाताळच्या आधी मारून टाका. झाली कारवाई! खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आजोबांना काम लागेपर्यंत आमचा संसार त्या खोलीत होता. आज तिथे साउंड सिस्टीम ठेवतात. तिला पंखासुद्धा आहे.

आणि त्या तीन पोरांतलं मधलं पोर म्हणजे माझे पप्पा. ते कमिटीत आहेत. ठराव झाला तेव्हा गप्प बसले.

घरी येऊन विचारलं तर म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती. बाबांकडे गावच्या पाळकांची चिठ्ठी होती." बरोबर, होती. आजोबा मंडळीतले, म्हणजे चर्चचे सभासद होते, ओळखीचे होते. म्हणजे चिठ्ठी असेल तर खोली आणि नसेल तर चॅनल गेट? पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो बायका-पोरी आणल्या, त्यांना केडगावला घर दिलं, तेव्हा कुणाच्या चिठ्ठ्या तपासल्या होत्या? त्यांच्यावर भाषणं करायला आपल्याला फार आवडतं. मीही केलंय, कॉलेजात असताना, बक्षीसही मिळालं होतं.

बाजू दुसरीही आहे, मान्य. कधी कधी दारू पिऊन भांडणं होतात. सकाळी पायऱ्यांशी वास येतो. (टॉयलेटला आपणच रात्री कुलूप घालतो, मग माणसाने जायचं कुठे, ते कमिटीने ठरावात लिहावं.) आणि खरी भीती वेगळीच आहे, ती कुणी मोठ्याने बोलत नाही: चार माणसं आत घेतली की उद्या धर्मांतराचा आरोप होईल. होईलही. आजकाल कशावरूनही होतो. मग त्यांना बायबलची वचनं ऐकवू नका, गाणी शिकवू नका, धर्मप्रचाराची पत्रकं हातात देऊ नका. सतरंजी द्या, दिवा चालू ठेवा, टॉयलेट उघडं ठेवा. जवळच्या पोलीस चौकीत लेखी कळवून ठेवा. एवढ्याने कोण बाटतं?

नवे पाळक तरुण आहेत, त्यांच्यावर मी चिडलेली नाही. बाहेरगावाहून आलेत, त्यांचं स्वतःचं राहतं घरही कमिटीच्या हातात. त्यांच्या जागी मीही दहादा विचार केला असता. चिडलेय ती आपल्यावर, ज्यांना कुणी काढू शकत नाही त्यांच्यावर.

२०२४ साली, नाताळ दोन दिवसांवर असताना, वाघोलीत केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. अमरावतीकडून बांधकामाच्या कामाला आलेली माणसं. तिघं गेले, त्यात दोन तान्ही पोरं. या शहराचे टॉवर बांधायला आलेल्यांना पहिल्या रात्री झोपायला फुटपाथ! त्या नाताळला आपल्याकडे प्रार्थना झाली, दोन मिनिटं. मग केक.

सरकारचं काम आहे, चर्चचं नाही, असं एकीने मला आत्ताच व्हॉट्सॲपवर लिहिलं. अगं, सरकारचंच आहे. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमचा निवारा हवा, असा नियम आहे. २०११ च्या जनगणनेतच पुणे मनपाची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, तेव्हा हिशेब तूच कर. शहरातल्या सगळ्या चर्चनी मिळून महापालिकेला एकदा तरी विचारलंय का, की आमच्या वॉर्डातला निवारा कुठे आहे? मोर्चा काढणं आपल्याला जमत नाही असंही नाही. दर १० ऑगस्टला काळा दिवस पाळतो, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले म्हणून. पाळलाच पाहिजे. रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना घरकुल मिळतं, आणि त्याच वस्तीतल्या आपल्या माणसाच्या कागदावर 'ख्रिस्ती' दिसलं की त्याला परत पाठवतात. घर नाकारणं काय असतं ते आपल्याला शिकवायला नको.

पेठेत घर बघायला गेलं की "नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला झाला नाही? आणि आता आपणच आपल्या फ्लॅटला भाडेकरू बघताना विचारतो: बाहेरचे का, नोकरी कुठे, आडनाव काय. नाहीतर सरळ कुलूप लावून ठेवतो, भाव वाढेल म्हणून. घराला घर जोडत जाणाऱ्यांना बायबलमधला यशया संदेष्टा काय म्हणाला ते घरी जाऊन वाचा. पाचवा अध्याय. आपल्याकडे त्यावर उपदेश होत नाही, कारण पहिल्या चार बाकांवर कोण बसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बरं, पुरे. रागावून काही होत नाही, पप्पांनी जेवताना दोनदा सांगितलं. (तिसरी पोळी मात्र घेतली नाही त्यांनी.)

बुधवारी संध्याकाळी कमिटीची बैठक आहे. मी लेखी अर्ज देणार आहे: गेटचे पैसे टॉयलेटच्या दुरुस्तीला वापरावेत, पावसाळ्यात लग्न-बारसं नसेल त्या रात्री हॉल उघडावा, आणि निवाऱ्याबद्दल महापालिकेला मंडळीच्या लेटरहेडवर पत्र जावं. ज्यांचं नाव मंडळीच्या पटावर आहे त्यांनी सह्या करायला या. 'विषयपत्रिकेत नाही' असं म्हणतील, तरी बसून राहा. पप्पांची सही मी मागितलेली नाही. अर्ज टेबलावर ठेवलाय.

आणि दादा, तू हे वाचतोयस, मला हिरवा ठिपका दिसतोय. लाइक करून सटकू नकोस. वाकडच्या तुझ्या बंद फ्लॅटबद्दल फोनवर बोलायचंय.