गच्चीवर शेगडी पेटवायला ‘नियमच नाही’? आहेत, आणि ते आपल्यासाठीच आहेत

थंडी पडली की नेरुळमधल्या आमच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो: ‘कोळशाच्या तंदूरवरची बंदी फक्त मुंबईच्या हॉटेलांना आहे. ठाणे-नवी मुंबईत घरच्या बाल्कनीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर बार्बेक्यू करायला कोणताही नियम आडवा येत नाही. मडक्यात शेंगा भाजायची पोपटी ही आपली परंपराच आहे. मोकळी हवा, समुद्राचा वारा, धोका शून्य. कमिटीने अडवलं तर हा मेसेज दाखवा.’ यंदा गच्चीची किल्ली मागायला आलेल्या एका शेजाऱ्याने तो खरोखरच माझ्यापुढे धरला.

पहिलं वाक्य बऱ्याच अंशी बरोबर आहे. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्यानंतर महापालिकेने तंदूर लावणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. घरच्या शेगडीबद्दल तो आदेश नव्हता.

पण तो आदेश लागू नाही म्हणून कोणताच नियम लागू नाही, हे कुठून आलं? ‘बार्बेक्यू’ हा शब्द कायद्यात शोधू नका. आग, बाहेर पडायची वाट आणि सामाईक जागा हे शब्द शोधा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे आणि तो आपल्याकडेही लागू आहे. इमारतीतली आगीपासूनची सुरक्षा ही मालकाची आणि तिथे राहणाऱ्याची जबाबदारी, असं तो सांगतो. दर जानेवारी आणि जुलैत सोसायटीला आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते याच कायद्यामुळे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ तर थेट आगीबद्दल आहे: निष्काळजीपणे आग हाताळून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेगडी पेटवली की गुन्हा झाला, असा याचा अर्थ नाही. पण ठिणगी खालच्या बाल्कनीतल्या वाळत्या कपड्यांवर पडली, तर हा मेसेज ढाल होणार नाही.

गच्ची आपली एकट्याची नाही, हेही मेसेज विसरतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, गच्ची, जिने, लॉबी सामाईक आहेत. कार्यक्रमासाठी गच्ची हवी असेल तर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. २४ मीटरपेक्षा उंच इमारतींतली रेफ्यूजची जागा रिकामी दिसते म्हणून तिथे तर चूल कधीच मांडू नये. आग लागली तर वरची माणसं तिथेच येऊन थांबणार असतात.

आता ‘मोकळी हवा’. आपल्याकडच्या किती बाल्कन्या खरंच मोकळ्या उरल्या आहेत? ग्रिल, स्लायडिंग खिडक्या लावून त्या हॉलला जोडलेल्या. तिथे कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड घरातच साचतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. डोकं दुखायला लागलं, तर माणूस ते दगदगीवर ढकलतो. पार्टी संपल्यावर राखेखाली निखारा तासन्‌तास धुमसत राहतो, म्हणून अर्धवट विझलेली शेगडी थंडीत ‘ऊब येईल’ म्हणून खोलीत आणू नका. हे मी हात जोडून सांगतो.

गॅसच्या छोट्या सिलिंडरलाही मोकळ्या हवेचा भरवसा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, फरशीवरून वाहत जातो आणि नहाणीच्या जाळीत, खोलगट कोपऱ्यात साचतो. म्हणूनच सिलिंडर उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवायला सांगतात. गच्चीवर आपण नेमकं उलटं करतो: दोन्ही जमिनीवर, शेजारीशेजारी.

समुद्राचा वारा दुपारचा. सूर्य मावळला की तो मंदावतो, आणि रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही हळू, वाहतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर चढतच नाही, इमारतींच्या मधे लोंबकळत राहतो. बार्बेक्यू होतात ते नेमके याच रात्री. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे; अशा रात्री त्या खिडक्या लावून, पंप उशाशी ठेवून बसतात. आणि वारा असला, तर उंचावर तोच ठिणग्या उचलून नेतो.

पोपटीची हौस मलाही आहे. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला ठासून भरलेलं मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. त्या वासाने पनवेल-उरणकडची थंडी सुरू होते. पण ती कापणी झालेल्या मोकळ्या शेतात लागते, गावातल्या माणसांच्या नजरेखाली, शेजारी पाण्याची कळशी ठेवून. अकराव्या मजल्याच्या गच्चीवर, वॉटरप्रूफिंगच्या डांबरी थरावर आणि सोलर पॅनेलच्या कुशीत पेंढा पेटवणं ही ती परंपरा नव्हे.

त्या शेजाऱ्याला मी किल्ली दिली नाही, अर्जाचा कागद दिला. तारीख, वेळ, विजेवरची ग्रिल, अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवणाऱ्याचं नाव आणि गच्चीचं दार शेवटपर्यंत उघडं राहील याची हमी, एवढं लिहून घेतलं. शनिवारी तेरा माणसं जेवली, आणि काकूही पापलेट खायला वर आल्या.