टॉवरवर लावलेला फोकस ताऱ्यांना चालत नाही

थंडी पडली की आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला फिरतो: 'दुपारीच दूरच्या मोबाईल टॉवरवर दुर्बिणीचा फोकस लावा, फोकसरला (फोकस मागेपुढे करणाऱ्या भागाला) टेप मारा आणि रात्रभर बिनधास्त तेजोमेघांचे फोटो काढा. धूसर आलं तर सॉफ्टवेअर आहेच.' नवी पोरं यावर विसंबून वावरात रात्र जागतात आणि हाती येतात फुगलेले तारे. हे मला बघवत नाही.

टॉवर दूर आहे, पण पुरेसा दूर नाही. ५०० मिमी फोकल लांबीच्या एफ/५ दुर्बिणीत (म्हणजे फोकल लांबी तोंडाच्या पाचपट) एक किलोमीटरवरच्या टॉवरची प्रतिमा ताऱ्याच्या प्रतिमेपेक्षा २५० मायक्रॉन (पाव मिलिमीटर) मागे पडते. या दुर्बिणीत खपून जाणारा फरक जेमतेम ६०-७० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीएवढा.

टेप फोकसर धरून ठेवते, दुर्बिणीची नळी नाही. डिसेंबरात यवतमाळ-वाशिमकडे दुपारी २८-२९ अंश असतात, पहाटे पारा १२च्या आसपास येतो. अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन आकसतं. म्हणजे अर्ध्या मीटरची नळी पहाटेपर्यंत पावणेदोनशे मायक्रॉनच्या वर आखडते. टॉवरमुळे कॅमेऱ्याचा सेन्सर जास्त मागे राहिलेला असतो आणि ही नळी त्याला पुढे ओढते. पहाटेकडे दोन चुका एकमेकींना जवळजवळ खोडतात, चार फ्रेम सुरेख येतात, आणि गटात त्याच टाकल्या जातात. या सल्ल्याला मान मिळतो तो असा.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: ठिपका दुप्पट रुंद झाला की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो. फिकट तारे नॉइजमध्ये (फोटोतल्या दाणेदार खरखरीत) बुडाले की ते परत आणता येत नाहीत.

तेजोमेघावरही फोकस लावू नका, त्याला धारदार कड नसते. शेजारचा ठळक तारा घ्या. मृगातल्या तेजोमेघासाठी राजन्य. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका आणि ८.६ प्रकाशवर्षांवरचा व्याध तारा, दोघांचा फोकस एकच. दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव मास्क, म्हणजे तिरप्या फटींची चकती, लावा; तिच्यामुळे ताऱ्याभोवती तीन रेषा दिसतात. रशियाच्या पावेल बाहतिनोव यांची २००५ची ही युक्ती पुठ्ठा कापून घरीही करता येते. लाइव्ह व्ह्यू मोठा करून त्यातली मधली रेषा बाकी दोघींच्या बरोबर मध्यावर आणा आणि मास्क काढा. दुर्बीण थंड व्हायला दिवस मावळतानाच धुऱ्यावर मांडून ठेवा. पारा दोन-तीन अंश उतरला की फोकस पुन्हा तपासा. संध्याकाळी हे लवकर लवकर करावं लागतं, मध्यरात्रीनंतर जरा उशिराने.