दोघांनी किनारा बघायचा तर साध्या बसने बघा

श्रीलंकेहून परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, गाडी कुठली केली होती, ड्रायव्हरचा नंबर दे. ड्रायव्हर नव्हता आणि गाडीही नव्हती. कोलंबोपासून तिस्समहारामपर्यंत अख्खा दक्षिण किनारा आम्ही नवरा-बायकोने साध्या बसने केला, पाठीवर एकेक सॅक, फेब्रुवारीचे दहा दिवस. हे सांगितल्यावर "अगं मग एन्जॉय काय केलंत" असं तीन जणींनी विचारलं, आणि त्यातल्या एकीने तर नवऱ्याला बाजूला घेऊन पैशाची काही अडचण आहे का असंही विचारलं. म्हणून आता नीट बसून लिहितेय. पैसे वाचले हे खरं, पण बस त्यासाठी धरली नव्हती.

लग्नाला अकरा वर्षं झाली आमच्या. आधीच्या सगळ्या मोठ्या ट्रिपा गाडी करूनच केल्या. आणि प्रत्येक ट्रिपला तेच. प्लॅन माझा, हॉटेल माझं, ड्रायव्हरशी फोनवर बोलणं माझं, आणि तो मागच्या सीटवर बसून "आता कुठे जायचंय" विचारणार. रूम खराब निघाली की "तूच बुक केली होतीस ना". बाहेर समुद्र असायचा, नारळ असायचे, सगळं सुंदर, आणि मला मात्र आत घुसमटल्यासारखं व्हायचं, कारण मी ट्रिपला आलेलीच नसायचे, मी ट्रिप चालवत असायचे. हे किती बायकांचं होतं मला माहितीय, म्हणून उघड लिहितेय.

बसमध्ये हे एकट्या माणसाला जमतच नाही, आणि मला बस आवडली ती यासाठी. कोलंबोच्या पेट्टा भागातल्या स्टँडवर तुम्ही उतरलात की चारी बाजूंनी कंडक्टर गावांची नावं ओरडत असतात, गॉल गॉल गॉल, मातारा मातारा, एकाने सॅका सांभाळायच्या आणि दुसऱ्याने बस शोधायची, दुसरा मार्गच नाही. लाल बस सरकारी, १९५८ साली तिथल्या खासगी बस कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हापासूनची परंपरा आहे ती, आणि बाकी रंगीबेरंगी त्या खासगी. पाट्या सिंहला, तमिळ आणि इंग्रजी तिन्हींत असतात. गॉलला जाणारी २ नंबर आणि पार तिस्समहारामच्याही पुढच्या कतरगामला जाणारी ३२ नंबर एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

या बसेस जातात तो रस्ता म्हणजे ए-२. कोलंबोहून निघून गॉल, मातारा, टांगल्ले, हंबनटोटा असा समुद्राला चिकटून जातो, काही ठिकाणी तर खिडकीतून हात काढला तर लाटेचे तुषार लागतील इतका जवळून (हात काढू नका, समोरून येणारी बस त्याहूनही जवळून जाते). एक गोष्ट आमच्या लक्षात पहिल्याच दिवशी आली ती सांगते. तिथेही वाहतूक डाव्या बाजूने आणि तुम्ही दक्षिणेला जाताय, म्हणजे समुद्र सगळा वेळ उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. गॉलच्या पुढे रस्ता पूर्वेकडे वळतो तरी समुद्र उजवीकडेच राहतो. तेव्हा उजवीकडची खिडकी पकडा आणि गॉलपर्यंत सकाळी जा, दुपारनंतर ऊन त्याच बाजूने तोंडावर येतं.

सामानाचं आधीच सांगून ठेवते. साध्या बसला डिकी-बिकी काही नाही. सॅक ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर नाहीतर तुमच्या मांडीवर. आम्ही दोघांनी चाळीस लिटरच्या वर काही घेतलं नव्हतं आणि तरी दोन वेळा सॅकला जागा लागते म्हणून एका जास्तीच्या सीटचे पैसे दिले. त्यात चूक काही नाही, त्या जागेवर माणूस बसला असता.

आणि पुढच्या सीट. दारालगतच्या पहिल्या सीट भिक्खूंसाठी राखीव असतात. मला कल्पना नव्हती, मी खुशाल बसले, तर मागच्या एका आजींनी काही न बोलता माझ्या दंडाला धरून उठवलं आणि स्वतःच्या बाजूला बसवून घेतलं. पुढच्या स्टॉपला खरंच एक म्हातारे भिक्खू चढले, त्या सीटवर बसले. आजींनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मला इतकं बरं वाटलं त्या दंडाला धरण्याने, गाडीत बसून कोणी मला असं धरलं नसतं.

भाषेची भीती घेऊन गेलो होतो, ती पहिल्या तिकिटालाच गेली. सिंहला ही आपल्या भाषांच्या कुळातलीच, हे वाचलेलं असतं पण कानावर पडतं तेव्हा अंगावर काटा येतो. दहा म्हणजे दहय, पन्नास म्हणजे पनह, आठ म्हणजे अट, गाव म्हणजे गम, दिवसाला दवस. कंडक्टर पुटपुटतो ते आकडे मराठी कानाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कळायला लागतात. आणि मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात! गर्दीत कोणी "अक्के" म्हणून हाक मारली की मी मागे वळायचेच. इस्सो वडे विकायला पोरं बसमध्ये चढतात, इस्सो म्हणजे कोळंबी आणि वडे म्हणजे वडेच. उतरायचं असलं की "बहिनवा" म्हणायचं. हे काम नवऱ्याने घेतलं स्वतःकडे, पहिल्या दिवशी इतक्या हळू म्हणाला की आम्ही दोन स्टॉप पुढे गेलो, तिसऱ्या दिवशी सगळ्या बसला ऐकू जाईल असा म्हणत होता. अकरा वर्षांत परक्या गावात रस्ता विचारायला कधी पुढे न झालेला माणूस आहे हा.

हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिय म्हणून गाव आहे. तिथे रस्ता, रेल्वेचे रूळ आणि समुद्र तिघं अगदी जवळजवळ येतात. २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी आली त्या दिवशी, पौर्णिमेची सुट्टी होती आणि कोलंबोहून माताराकडे निघालेली गच्च भरलेली रेल्वेगाडी इथे थांबली होती. पहिली लाट आली तेव्हा गावातली माणसं गाडीत चढली, टपावर चढली, काही गाडीच्या आडोशाला उभी राहिली, एवढं लोखंड आहे म्हणजे हलणार नाही असंच वाटणार ना कोणालाही. दुसऱ्या लाटेने डबे उचलून फेकले. हजाराहून जास्त माणसं गेली त्या एका गाडीत. आता तिथे स्मारक आहे आणि जवळच पाण्याच्या मधोमध बुद्धाची उंच उभी मूर्ती, जपानच्या मदतीने उभारलेली.

आम्ही तिथे उतरणार नव्हतो, हिक्कडुवाचं तिकीट होतं. बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईंनी त्या मूर्तीपाशी येताच हात जोडले, ड्रायव्हरने वेग कमी केला की मलाच तसं वाटलं ठाऊक नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि "बहिनवा" म्हणाला. उतरलो. तासभर रुळांच्या बाजूला नुसते उभे होतो, मधे एक लोकल धडधडत गेली, माणसं दारात लटकलेली, कॉलेजची पोरं हसत होती. हे रूळ दोन महिन्यांच्या आत परत चालू केले होते त्या लोकांनी. आम्ही एकमेकांशी काहीच बोललो नाही. पुढची बस दहा मिनिटांत मिळाली. कारने गेलो असतो तर ड्रायव्हरने सांगितलं असतं, फोटो काढला असता, दहा मिनिटांत पुढे निघालो असतो, असं मला अगदी खात्रीने वाटतं.

गॉलबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी थोडंच लिहिते. १५८८ चा पोर्तुगीजांचा किल्ला, मग डचांनी तो घेतला आणि आत्ता दिसतो तसा मोठा केला, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बसस्टँड किल्ल्याच्या अगदी समोर, क्रिकेटच्या मैदानाला लागून, म्हणजे बसवाल्यांची मोठीच सोय. पण मला तटबंदीपेक्षा तटबंदीवर बसलेल्या जोड्या जास्त आठवतात. भर दुपारी एकेक छत्री उघडून त्याच्या आड दोघं-दोघं बसलेले असतात, पाठ गावाकडे, तोंड समुद्राकडे. कोणी त्यांना हटकत नव्हतं. आम्हीही त्यांच्यापासून जरा लांब, छत्रीशिवाय, बसलो आणि मग त्याने कधी नव्हे ते विचारलं की गाडीच्या ट्रिपांमध्ये तू इतकी चिडलेली का असायचीस. मी वर लिहिलंय ते सगळं त्याला तिथे पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला मला वाटायचं तुला ठरवायला आवडतं. सव्वासहाच्या सुमाराला सूर्य बुडाला आणि बघता बघता अंधार झाला, विषुववृत्त जवळ असल्याने तिथे संधिकाळ फार टिकत नाही. बोलणं मात्र बराच वेळ चाललं.

कोग्गला ते वेलिगामा पट्ट्यात समुद्रात खांब रोवून त्यावर बसून मासे पकडणारे दिसतात, ज्यांचे फोटो सगळ्या कॅलेंडरवर असतात. आता त्यातले बरेचसे फोटोसाठीच बसतात आणि पैसे मागतात, लोक यावर फसवणूक म्हणून चिडतात. मला ते पटत नाही. मासेमारीवर घर चालत नसेल आणि जगभरची माणसं कॅमेरे घेऊन येत असतील तर त्याने फुकट का बसायचं? आम्ही पैसे दिले.

भांडण झालं ते मातारा स्टँडवर. गोड-गोड लिहिणार नाही. मला ताप आल्यासारखं वाटत होतं, त्याला संध्याकाळच्या आत टांगल्लेला पोहोचायचं होतं, मी रूम इथेच बघू म्हणत होते, तो पुढची बुक झालीय म्हणत होता, या वेळी बुकिंग त्याने केलं होतं. तेवढ्यात समोरून टांगल्लेची बस निघून गेली. पुढच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा नव्हती, तो मागे आणि मी मधे उभी. आणि तिथे एक गोष्ट मला कळली जी आधीच्या दिवसांत कळली नव्हती. तो शेजारी असताना मला खिडकी मिळायची, मी आरामात समुद्र बघायचे. एकटी उभी राहिल्यावर गर्दीतला एक माणूस इतका रेटून उभा राहिला की मी बाहेर बघायचं सोडून नुसती माझी कोपरं सांभाळत होते. एका कॉलेजच्या मुलीने ते बघितलं, सरकून मला अर्ध्या सीटवर घेतलं आणि स्वतःची बॅग मधे उभी केली, इतक्या सवयीने की रोज करत असावी. तेव्हा "बसने जा, मस्त असतं" हे मी दोघांनी जाणाऱ्यांना सांगतेय. एकट्या बाईला हेच जसंच्या तसं सांगणार नाही, तिथल्या बायकांना विचारून मगच जा म्हणेन.

टांगल्लेला उतरल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला आपण माताराला राहायला हवं होतं. मी म्हटलं हो, राहायला हवं होतं.

टांगल्लेला आम्ही तीन दिवस राहिलो, मला बरं वाटेपर्यंत. घरगुती गेस्टहाऊस होतं, मालकीण अँटी मला दोन्ही वेळ कांजीसारखं पातळ काहीतरी करून द्यायच्या. २०२२ चं सांगत होत्या, देशाकडे परकीय चलन उरलं नव्हतं तेव्हाचं, पेट्रोलच्या रांगेत त्यांच्या नवऱ्याने रिक्षातच दोन रात्री झोपून काढलेल्या, पर्यटक नाही, गॅस नाही, चुलीवर स्वयंपाक. रूमचं भाडं आम्ही त्यांच्या हातात दिलं ते त्यांनी तिथेच मोजून मुलाला क्लासच्या फीसाठी दिलं. पॅकेज घेतलं असतं तर यातलं किती त्या घरात पोहोचलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

टांगल्लेच्या पुढे बसमधून जे दिसतं ते कोणीच सांगत नाही आणि माझ्या मते अख्ख्या रस्त्यातला सगळ्यात भारी भाग तो. कोलंबोच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो हंबनटोट्याला. तासाभरात खिडकीबाहेरचा हिरवा रंग उतरत जातो, नारळ विरळ होतात, काटेरी झुडपं लागतात, मोर दिसायला लागतात, मग हंबनटोट्याजवळ मिठागरं, पांढरी, डोळे दिपवणारी. रस्त्याच्या कडेला टपऱ्यांवर मातीच्या मडक्यांत म्हशीचं दही टांगलेलं असतं, त्यावर माडाच्या जातीच्या कितुल झाडाची काकवी घालून खातात. आम्ही तिस्सला, म्हणजे तिस्समहारामला, उतरून एक अख्खं मडकं दोघांत संपवलं, तळ्याच्या बांधावर बसून. ते तळं दोन हजार वर्षांहून जुनं आहे आणि अजून त्याचं पाणी शेतीला जातं.

मोसमाचं विसरू नका. दक्षिण किनारा डिसेंबर ते मार्च-एप्रिल. मे ते सप्टेंबर तिकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि समुद्र खवळलेला, त्या काळात पूर्वेला अरुगम बे, त्रिंकोमाली चांगलं. आणि खासगी बसवाले जीव मुठीत धरायला लावतात हे खरंय, एकमेकांच्या पुढे जायला वळणावरही मागेपुढे बघत नाहीत. आम्ही तिसऱ्या दिवसानंतर शक्यतो लाल बसच बघायचो. तासभर जास्त लागला तर लागला.

परतीला वेळ कमी होता म्हणून माताराहून एक्सप्रेसवेची एसी बस घेतली. २०११ ला गॉलपर्यंत सुरू झालेला हा रस्ता, नंतर पुढे वाढवला. मऊ सीट, पडदे, कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही, वडे नाहीत. रस्ता आतल्या बाजूने जातो, भातशेतं आणि रबराची झाडं. जाताना ज्याला आम्ही कितीतरी दिवस लावले होते ते दोन तासांच्या आत मागे पडलं. समुद्र एकदाही दिसला नाही. नवरा सवयीने उजवी-डावीचा हिशोब करून मला खिडकीशी बसवून मोकळा झाला होता, आणि कोलंबो जवळ आल्यावर, बस शेवटच्या स्टॉपलाच थांबणार होती तरी, हळूच "बहिनवा" म्हणाला.