चार वाटे, मासे एकाच वाट्यात

रविवारी रात्री साडेनऊला देवगडहून भाच्याचा फोन. "मामा, कार्ड काढलंय. गिऱ्हाईक गावला, तेरा हजार देता म्हणता." कार्ड म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमधलं, पडद्यावरची चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचं. दिवसा त्यावर लग्नांचे व्हिडिओ एडिट होतात आणि रात्री गेम. चांगलं चाललेलं कार्ड विकायला का काढलं, तर व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज. आणि तो पुढे ढकलणारी कोण, तर त्याची आई, म्हणजे माझी ताई. ताईला कार्ड म्हटलं की रेशनचं आठवतं, पण "बघ, स्वस्त होणार आहे" असं लिहून मोकळी झाली.

मेसेज थोडक्यात असा: ग्राफिक्स कार्डांची नवी पिढी येतेय. ६०७० हे कार्ड आजच्या ५०९०ची ताकद एक-तृतीयांश किमतीत देणार (पहिले दोन आकडे पिढीचे, पुढचे दोन त्या पिढीतल्या पायरीचे). एआयमुळे वीज निम्मी लागणार, घरच्या इन्व्हर्टरवर चालेल. जुनी कार्डं बंद पडणार, किमती कोसळणार, तेव्हा जुनं आजच विका आणि पाच हजार भरून नंबर लावा. त्याखाली कुणा शहाण्याने जोडलेली पुरवणी, 'कोकणवाल्यांसाठी खास', तिच्याकडे नंतर येतो.

हाच मजकूर जानेवारी २०२५मध्येही फिरत होता. तेव्हा त्यात ५०७० आणि ४०९० हे आकडे होते, आता फक्त ते बदललेत. जे कार्ड कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्याच्याबद्दल मी काय भांडणार? पण मागच्या वेळी काय झालं ते सांगता येतं.

६ जानेवारी २०२५ला लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात, ही कार्डं बनवणाऱ्या एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी खरोखरच सांगितलं होतं की ५०७० हे ४०९०ची कामगिरी ५४९ डॉलरमध्ये देईल. म्हणजे अफवेला मूळ आहे, हे नाइलाजाने मान्य. पण एआयशिवाय हे अशक्य होतं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं, आणि सगळी मेख त्यात आहे. एन्व्हिडियाचाच तक्ता उघडून बघा. ४०९०मध्ये १६,३८४ कुडा कोअर, म्हणजे हिशोब करणारे छोटे भाग, आणि २४ जीबी मेमरी. ५०७०मध्ये ६,१४४ कोअर आणि १२ जीबी. यात बरोबरी कुठून आली? आली ती मल्टी फ्रेम जनरेशनमधून. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. तेव्हा कार्ड एक फ्रेम खरी काढायचं आणि तिच्यामागे तीनपर्यंत फ्रेम एआयच्या अंदाजाने बनवून घुसवायचं. मासळी बाजारात चार वाटे मांडलेत, पण मासे एकाच वाट्यात आहेत आणि उरलेल्या तिनांत माशांचे फोटो. फोटो सुरेख आहेत, हे खरं. वेगळे ओळखूही येत नाहीत बऱ्याचदा. पण कालवण एकाच वाट्याचं होणार.

"पण मामा, चारपट फ्रेम म्हणतत ना?" म्हणतात, मेल्या. पडद्यावर सेकंदाला १२० दिसल्या तरी खऱ्या ३०च असतील तर माउस हलवल्यावर गेम ३०च्याच चालीने हलणार. उलट थोडा उशीरच होणार, कारण दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या बनवायच्या तर पुढची खरी फ्रेम तयार ठेवून अडवून धरावी लागते. आणि हे सगळं फक्त ती सोय असलेल्या गेममध्ये. लग्नातल्या वरातीचा व्हिडिओ रेंडर करताना या खोट्या फ्रेमचा काडीचा उपयोग नाही. मार्च २०२५मध्ये ५०७० बाजारात आलं आणि लोकांनी ही युक्ती बंद करून मोजलं, तेव्हा ते मागच्याच पिढीतल्या, ४०९०च्या खालच्या ४०७० सुपरच्या आसपास निघालं. ४०९०ला ते कुठेच पोचलं नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजवाला सांगत नाही. डीएलएसएस ४ म्हणजे या एआय युक्त्यांचा एन्व्हिडियाचा संच. त्यातला कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारा भाग सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतो, ३०६०वरसुद्धा, आणि फुकट. हां, एडिटिंगवाल्यांसाठी ५० मालिकेत ४:२:२, म्हणजे रंगांची माहिती जास्त ठेवणारा व्हिडिओ हाताळायची सोय हार्डवेअरमध्ये आली, तो खरा फायदा आहे. पण भाच्याचा कॅमेरा ४:२:२ देतच नाही.

वीज निम्मी लागणार? सगळ्यात वरच्या कार्डांचे आकडे बघा: ३०९०ला ३५० वॅट, ४०९०ला ४५०, ५०९०ला ५७५. हा आलेख कुठल्या बाजूने धरल्यावर निम्मा दिसतो? ५०७०ला २५० लागतात, पण ३०६० १७०मध्ये भागवतं. आपल्याकडच्या घरी साधारण ९०० व्हीएचा इन्व्हर्टर असतो, तो ओढून ताणून सातशे वॅट देतो. त्यावर पंखे आहेत, दिवे आहेत, फ्रिज कुणीतरी चोरून जोडलेला आहे. शिवाय स्वस्तातल्या इन्व्हर्टरची स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी झटक्यांची वीज, बऱ्याच चांगल्या एसएमपीएसना (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यांना) मानवत नाही. पावसाळ्यात लाइट दिवसातून किती वेळा डोळे मिचकावते ते देवगडवाल्यांना मी सांगायला नको. कार्डाआधी यूपीएस घे, असं गेल्या वर्षी सांगून झालंय.

जुनी कार्डं बंद पडणार, यातही चमचाभर सत्य आहे. जीटीएक्स ९०० आणि १००० या आरटीएक्सच्या आधीच्या मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५नंतर थांबले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८पर्यंत येणार आहेत. जीटीएक्स १०६० २०१६चं कार्ड. ३०६० आलं २०२१मध्ये आणि ते त्या यादीत नाहीच. ड्रायव्हर थांबला तरी कार्ड मरत नाही, ते वेगळंच.

किमतीचं तर बोलायलाच नको. ५४९ डॉलर म्हणजे ४७ हजार, असा हिशोब तेव्हाही लोकांनी केला. अमेरिकेत तो भाव कराशिवाय सांगतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लावलात की ५५ हजारांवर जातो, आणि भारतात कंपनीने जाहीर केलेला भाव होता ५९ हजार. आता तर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलून नेली आहे. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ज्या मालाची टंचाई आहे तोच घालून केलेलं कार्ड स्वस्त कसं होणार?

पाच हजार भरून नंबर लावायचं म्हणाल तर खाली एक मोबाइल नंबर आहे. दुकानाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही. पुढे बोलत नाही.

आता पुरवणी. 'खाऱ्या हवेत कार्ड टिकवायला त्याच्या सोनेरी दातांना खोबरेल तेलाचा हात लावा.' दात म्हणजे कार्डाची मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, बसणारी सोनेरी कड. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. अरे, कार्ड आहे की आजीचा अंबाडा?

खारी हवा हा खरा त्रास आहे, यात वाद नाही. गणपतीत मी भाच्याचा कॅबिनेट उघडला होता. समुद्राकडच्या खिडकीला चिकटून ठेवलेला. कार्ड कसायचा स्क्रू तांबडा झालेला, पंख्याच्या पात्यांवरची धूळ कोरडी नव्हती, बोटाला चिकट लागत होती. ते मीठ. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि देवगडला पावसात त्याखाली ती जाते कधी? हा ओला थर वीज वाहतो आणि तांबं खातो. दातांवरचं सोनं गंजत नाही, पण ते नावापुरतं असतं. जिथे घासलं जातं तिथे खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं. यावर तेल लावलंत तर कार्ड तापल्यावर ते पातळ होऊन स्लॉटमध्ये उतरणार, धूळ आणि मीठ धरून बसणार, आणि थंडीत थिजणार. मग मदरबोर्डचा स्लॉट साफ करत बसा.

करायचं ते एवढंच: कॅबिनेट खिडकीपासून लांब, मऊ ब्रशने धूळ, दातांना आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवायचं. आणि पावसाळ्यात मशीन दिवसचे दिवस बंद ठेवायचं नाही. चालू मशीनची ऊब ओल धरू देत नाही.

कार्ड काढलेलंच होतं, तर म्हटलं आता पुसून तरी घे. अकरा वाजता त्याचा फोटो आला: कान साफ करायच्या चार काड्या, कापूस मातीसारखा काळा. खाली लिहिलेलं, "मगे गिऱ्हाइकाक काय सांगू?"

म्हटलं, सांग, मामान नको म्हटल्यान.