इस्तंबूलबाहेर काही घडलंच नाही?

तुर्की राष्ट्रवादाबद्दल एक दावा फिरतोय: 'हा विचार आणि त्याची भाषा इस्तंबूलच्या मूठभर लेखकांनी घडवली. प्रांतांतली वृत्तपत्रं म्हणजे सरकारी गॅझेटं. साधी तुर्की आली ती 1928 ला लिपी बदलल्यावर.'

गॅझेटांचं अर्धं खरं. उस्मानी साम्राज्यात 1864 च्या विलायत (म्हणजे प्रांत) कायद्यानंतर प्रांतोप्रांती सरकारी छापखाने निघाले. पण रुसेचं (आजच्या बल्गेरियातलं) 'तुना' 1865 पासून तुर्की-बल्गेरियनमध्ये निघे, बगदादचं 'झेवरा' 1869 पासून तुर्की-अरबीत. पुढे सोप्या गद्यावर लोकप्रिय झालेला लेखक अहमद मिधत या दोन्ही पत्रांत तयार झाला. शिवाय सगळीच पत्रं सरकारी कुठे होती? इझमीरचं 'हिझमेत' 1886 मध्ये काढलं हालित झिया आणि तेव्फिक नेवझात यांनी, आणि हालित झियाची पहिली कादंबरी त्यातच क्रमशः आली.

'मूठभर इस्तंबूलकर' हा मुद्दा सगळ्यात कच्चा. इस्तंबूलच्या प्रतिष्ठितांत 'तुर्क' म्हणजे अडाणी खेडूत, अशा काळात 'मी तुर्क आहे' म्हणणारी कविता मेहमेद एमीनने लिहिली. तीही अरुज ही अरबी-फारसी वृत्तपद्धती सोडून, आपल्या अभंगासारखं अक्षर मोजणाऱ्या छंदात. कवी इस्तंबूलचा खरा, पण 1897 च्या ग्रीस युद्धात ती छापली सेलानिकच्या (आजच्या थेसालोनिकीच्या) 'असर'ने.

त्याच सेलानिकमध्ये एप्रिल 1911 ला 'गेंच कालेमलेर' या नियतकालिकात 'येनी लिसान', म्हणजे 'नवी भाषा', हा लेख आला. सहीच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह! लिहिणारा ओमेर सेयफेत्तिन, मॅसेडोनियात नोकरी केलेला लष्करी अधिकारी. सोबत अली जानिप आणि दियारबाकिरहून आलेला झिया गोकाल्प. इथे भाषाशुद्धी आठवून गल्लत होते: रुळलेले अरबी-फारसी शब्द हाकला, असं ते म्हणत नव्हते. फारसी पद्धतीचे समास आणि उसनी अनेकवचनं टाका, एवढंच.

मग 1928 चं काय? अरबी लिपी जाऊन लॅटिन आली ती तेव्हा. हा लेख 17 वर्षं आधीचा.

दावा करणाऱ्यांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. सेलानिकच्या या मंडळींनी प्रमाण मानली ती इस्तंबूलचीच बोली. बाल्कन युद्धात, नोव्हेंबर 1912 मध्ये, सेलानिक ग्रीकांकडे गेलं, 'गेंच कालेमलेर' बंद पडलं. गोकाल्प इस्तंबूलला आला, आणि सेयफेत्तिन ग्रीकांच्या कैदेतून सुटल्यावर 1913 च्या अखेरीस.