हलगी तापवायला जागा

गेल्या पाडव्याची पहाट. सव्वापाच वाजले असतील. आमच्या उपनगरातली नववर्ष स्वागतयात्रा ज्या मैदानातून निघते, तिथं एका कडेला सांगोल्याकडून आलेली सात जणांची हलगीची पार्टी उभी होती. रात्रभर टेम्पोत बसून आलेली माणसं. सदरे, धोतरं, फेटे सगळं टेम्पोतच बदललेलं. माझ्याकडे पथकांना क्रमांक वाटायचं काम होतं. त्यांच्यातले वयानं मोठे काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, जाळ करायला कुठं जागा हाय का? हलग्या उतरल्यात."

मला आधी काही उमगेना. मग त्यांनीच सांगितलं. हलगीचं पान चामड्याचं. खाडीकाठच्या दमट हवेत ते रात्रीत सैल पडतं. वाजवायच्या आधी कागद, पाचट पेटवून त्या धगीवर हलगी फिरवायची, पान ताणलं जातं, आणि मगच तो कडकडीत आवाज निघतो. गावाकडे हे कुणाला विचारावं लागत नाही. जत्रेत, कुस्तीच्या फडाजवळ, कुठंतरी कडेला जाळ पेटलेला असतोच.

आमच्या मैदानात आग पेटवायला परवानगी नव्हती. नियम बरोबरच आहे, हजारो माणसं जमतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीन महिने आम्ही दर रविवारी बैठका घेत होतो. रांगोळीला किती पोती लागणार, फेट्यांचा रंग कोणता, चित्ररथाची उंची विजेच्या तारांना अडेल का, सगळं बोललो होतो. हलगी बोलावताय तर ती तापवायची कुठं, हा प्रश्न एकाच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही. त्या काकांनी टेम्पोचं इंजिन चालू करून बॉनेटवर हलग्या ठेवून बघितल्या. त्यानं काय होणार?

आणि मग त्यांचा क्रमांक आला. पुढे साठ ढोलांचं पथक, मागे स्पीकर लावलेला ट्रक. मध्ये तीन हलग्या, खर्जात घुमणारं एक घुमकं, झांजांसारखे दोन कैताळ आणि एक सनई. मी शेजारून चालत होते आणि मलाही त्यांची हलगी ऐकू येत नव्हती. बघणाऱ्यांनी फेट्यांचे व्हिडिओ काढले. चौकातल्या व्यासपीठावरून माइकवर सांगितलं गेलं, "आणि आता येताहेत आपले ग्रामीण लोककलावंत!" बस, एवढंच. गावाचं नाव नाही, वाद्याचं नाही, माणसाचं तर नाहीच. आधीच्या ढोलपथकाचं नाव मात्र तीनदा घेतलं होतं, प्रायोजकांचं त्याहून जास्त वेळा.

वर्ष होत आलं, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी ढोल-ताशाच्या विरोधात नाही. माझी मुलगी पथकात ताशा वाजवते. दोन-दोन महिने ऑफिस सुटल्यावर नदीकाठी, पुलाखाली सराव करणारी ही मुलंमुली मी जवळून बघितली आहेत. बोटांना फोड येतात, पट्टे बांधून वाजवतात. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या गणेशोत्सवासाठी एका पथकात तीसच जण असावेत असं बंधन घातलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले. त्या मुलांचं प्रेम खरं आहे. पण पथकातल्या मुलांचं पोट ढोलावर नाही. मिळालेला पैसा पथकाच्या कामाला किंवा समाजकार्याला जातो, आणि सोमवारी ती आपापल्या कामावर जातात. हलगीवाल्या काकांची सोमवारची चूल त्या सुपारीवर असते. दोघांना एकाच यादीत "पथक क्रमांक अमुक" म्हणून लिहिलं की हा फरक पुसला जातो, आणि तोटा नेहमी एकाच बाजूचा होतो.

डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थाननं १९९९ मध्ये पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. मग ठाणे, गिरगाव करत ती गावोगावी पोचली. डोंबिवलीच्या फडके रोडवर पाडव्याच्या सकाळी जी माणसं लोटतात ती पाहिली की ऊर भरून येतो. पण या यात्रांमध्ये लोकवाद्यं आली ती बहुतेक सजावट म्हणून. नऊवारी, नथ, बुलेट, लेझीम, तसाच एक संबळ, एक तुतारी. दिसायला हवं म्हणून. आपण त्यांना बघायला बोलावतो, ऐकायला बोलावत नाही.

तारप्याचंच बघा ना. दोन वर्षांपूर्वी पालघरकडचे तारपावाले आले होते. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा असं ते वाद्य. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा तिथला रिवाज. वाजवणारा वळला की अख्खा फेर वळतो. आता मिरवणूक म्हणजे पुढे सरकत राहणं. मग आमच्या यात्रेत काय झालं? त्यांना ट्रकवर चढवलं. ट्रकवर फेर कसा धरणार? बारा जण एका ओळीत कठड्याला धरून हलत राहिले आणि तारपावाला ड्रायव्हरच्या केबिनकडे तोंड करून फुंकत राहिला. नाच फेराचा होता, आम्ही त्याची रांग केली. पालघर जिल्ह्यातल्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये तारप्यासाठी पद्मश्री जाहीर झाली. देश ज्या वाद्याला असा मान देतो, त्याला त्याच जिल्ह्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्ही चौकात दहा मिनिटं थांबायला जागा देऊ शकलो नाही.

हे जमत नाही असं नाही. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला कर्तव्यपथावरच्या संचलनाची सुरुवातच शंख, नादस्वरम, नगारा वाजवणाऱ्या शंभराहून जास्त महिला कलाकारांनी केली. त्यांच्या अंगावर दुसरा कसला आवाज नव्हता. आधीच्याच वर्षी महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांच्या चित्ररथाला दुसरा क्रमांक मिळाला, त्यात गोंधळी होते, पोतराज होते. तिथं प्रत्येक पावलाची तालीम होते, कोण कधी वाजवणार हे ठरलेलं असतं. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मान्य. पण दोन पथकांमध्ये अंतर ठेवायला पैसा लागत नाही.

आता जरा अवघड बोलते. हलगी कुणी वाजवली हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या मातंग, महार समाजाच्या माणसांनी. गावच्या देवाच्या पालखीपुढे हलगी त्यांची, आणि देवळाच्या आत पाऊल टाकायला बंदीही त्यांनाच. लग्नाच्या वरातीपुढे चालायचं आणि जेवायला वेगळं बसायचं. ते कौतुकानं करायचं काम नव्हतं, गावकीनं लादलेलं होतं. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी गावकीच्या कामांबरोबर हलगीही खाली ठेवली, आणि ते योग्यच केलं. ज्या वाद्यामुळे बापाला कुणीही अरे-तुरे केलं ते पोरानं का उचलावं? तेव्हा "ही कला लोप पावत चाललीय हो" असं हळहळताना आपण याचा विचार करायला हवा. ज्यांनी ती मानानं, स्वतःच्या इच्छेनं धरून ठेवली आहे, त्यांना आपण शहरात बोलावतो आणि पुन्हा पालखीपुढेच चालवतो, पुन्हा नावाशिवाय. हे मला सहन होत नाही.

त्या दिवशी यात्रा संपल्यावर मी काकांना विचारलं, मुलगा वाजवतो का? म्हणाले, "वाजवतो की, चांगला हात हाय. पर त्याला इथं आणलं न्हाई. त्यानं हे बघाय नको." मी गप्प बसले. काय बोलणार होते?

मग मैदानात माणसं पांगल्यावर त्यांनी आपणहून वाजवायला घेतलं. नऊ वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, पानं आपसूक ताणली होती. डाव्या हातातली बारीक काडी आणि उजव्या हातातलं टिपरू यांचं ते बोलणं, खालून घुमक्याचा हुंकार. कुस्तीचा ठेका आधी संथ वाजवला, मग पैलवान भिडल्यावर हलगी कशी चढत जाते ते दाखवलं. ऐकायला आम्ही पंधरा-वीस जण, झाडू मारणारे कामगार आणि मंडप सोडणारी पोरं. एक मंडपवाला हातातला दोर टाकून नाचायला लागला. यात्रेत तीन तासांत जे झालं नव्हतं ते त्या दहा मिनिटांत झालं. माझ्या अंगावर काटा आला होता.

पैशाचं सांगते. त्यांना जी बिदागी दिली तिच्यातला मोठा भाग टेम्पोच्या भाड्यात गेला. प्रवासाचं वेगळं द्यायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. ढोलपथकाच्या टेम्पोचा, नाश्त्याचा, टी-शर्टचा हिशेब आमच्या वहीत वेगवेगळा लिहिलेला आहे. लोककलावंतांसमोर एकच आकडा आहे आणि त्याच्यापुढे "सर्व मिळून".

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, ती सगळ्या आयोजकांनी वाचावी म्हणून इथं लिहिते. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, दरमहा ५,००० रुपयांची. अर्ज करताना इतकी वर्षं कला सादर केली याचे पुरावे मागतात. प्रमाणपत्रं, कात्रणं, पत्रं. आयुष्यभर जत्रेत आणि वरातीत वाजवलेल्या माणसाकडे कसलं पत्र असणार? आपण लेटरहेडवर चार ओळी लिहून, माणसाचं पूर्ण नाव, गाव, वाद्य आणि तारीख घालून, शिक्का मारून दिल्या तर त्या कागदाचा त्याला म्हातारपणी उपयोग आहे. आम्ही काय दिलं? शाल आणि नारळ. आणि "लोककला पथक" असं लिहिलेलं एक सन्मानचिन्ह, सात जणांत मिळून एक.

गेल्या रविवारी यंदाच्या यात्रेची दुसरी बैठक झाली. मी माझं म्हणणं मांडलं. ट्रकवर स्पीकर नको. मार्गावर तीन चौकांत यात्रा पूर्ण थांबवायची, ढोलपथकांनीही टिपरू खाली ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात हलगी, संबळ, तारपा एकट्यानं वाजू द्यायचं. माइकवर आधी वाजवणाऱ्याचं नाव, मग प्रायोजकाचं. प्रवासखर्च आणि आदल्या रात्रीचा मुक्काम बिदागीच्या बाहेर. वाद झाला, बराच झाला. "यात्रा रेंगाळेल, ऊन लागेल, लोक कंटाळतील." एका चौकाला होकार मिळाला, तीनला नाही. मुक्कामाला एका शाळेचा वर्ग मिळतोय. स्पीकरवाल्या ट्रकचं अजून ठरायचं आहे. मी सोडणार नाही. माझी मुलगी पथकातर्फे बैठकीला आली होती, तिनं उभं राहून सांगितलं की आमचं पथक थांबेल, आम्हालाही ती हलगी ऐकायची आहे.

काल काकांना फोन केला. यंदा याल का, मुलालाही आणाल का, असं विचारलं. एका चौकात फक्त तुमचीच हलगी वाजेल, हेही सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि जाळ करायला जागा?"

आहे, म्हटलं. मैदानाच्या मागच्या भिंतीलगत, वाळूच्या दोन बादल्या ठेवून. अग्निशमनवाल्यांशी बोलून आलेय.

"मग बघतो," म्हणाले. "पोराला इचारून सांगतो."